उतरले किती, परतले किती

दोर पहिल्यांदा आला तेव्हा तो त्यांच्या हातापासून वीतभर लांब पडला, आणि त्यांनी तो पाहिला नाही, कारण ते वर बघत होते.

पाणी माझ्या कमरेला लागलं होतं. एका हाताने मी सरकंड्याचा ठोंब धरला होता. सरकंडा म्हणजे नदीकाठी उगवणारं उंच, चिवट गवत. दुसऱ्या हाताने वही डोक्यावर धरली होती. वीस हातांवर नाव होती. नावेत घसीटा उभा होता. बांबू वाळूत रोवून, त्यावर छाती टेकून त्याने नाव कशीबशी थोपवली होती आणि मोकळ्या हाताने दोर फेकला होता.

"बाबूजी, रस्सी. रस्सी पकड़ो."

बाबूजींचा डोळा दुर्बिणीला होता. दुर्बिणीची तिपाई पाण्यात गेली होती, पण वरची नळी अजून कोरडी होती, म्हणून ते बघत होते.

"बाई, लिहा," ते म्हणाले. "काळपट सुरय, एक."

दोर पाण्याबरोबर निघून गेला.

पुढचं पुढे सांगते. आधी हा माणूस कोण ते सांगायला हवं, नाहीतर वाचणारा विचारेल की सत्तरी गाठलेली दोन माणसं सकाळी यमुनेच्या मधोमध काय करत होती.

ते आमच्या खाली राहायचे. सरोजिनी नगरचे सरकारी क्वार्टर. वरचं माझ्या मुलाच्या नावावर, खालचं त्यांच्या मुलीच्या नावावर. दोघंही मिनिस्ट्रीत. आम्ही दोघं आपापल्या लेकरांच्या घरात राहणारी म्हातारी. मी विदर्भातली, वैनगंगेच्या काठच्या गावातली. नवरा दिल्लीत दफ्तरी होता, तो गेला, मी राहिले.

त्यांची नोकरी हवामान खात्यातली, आणि सगळी बेटांवर. एक अंदमानच्या खालचं, एक लक्षद्वीपच्या टोकाचं, आणि एक असं की ते म्हणायचे, नकाशावर माशी बसली तर झाकून जाईल. चार माणसं. सकाळी एक फुगा आकाशात सोडायचा, संध्याकाळी एक. बोट महिन्यातून एकदा, तीही समुद्राची मर्जी असली तर. अशा जागी माणूस दारू प्यायला लागतो, नाहीतर देव देव करायला लागतो. हे पक्षी मोजायला लागले.

"पावसाळा संपला की पक्षी समुद्र ओलांडून येतात," ते सांगायचे. "रात्रभर उडतात. पहाटे बेट दिसलं की वरून दगडासारखे पडतात. एकदा एक धोबी पक्षी माझ्या ताटाशेजारी उतरला. शेपटी हलवायची ताकद नव्हती. भात खाल्ला नाही. भातावर माशी बसली, ती खाल्ली."

"मग तुम्ही काय केलं?"

"काय करणार. लिहिलं. धोबी, एक."

दिल्लीत येऊन त्यांना बारा वर्षं झाली होती, पण ते बेटावरच राहत होते. नळाला पाणी असूनही न्हाणीघरात अकरा कॅन भरलेले. काड्यापेट्या मेणाने बंद केलेल्या बाटलीत. बाजारात जायचं असलं की म्हणायचे, किनाऱ्यावर जाऊन येतो. कॉलनीतली पोरं त्यांना टापूवाले अंकल म्हणायची. त्यांना ते आवडायचं.

रविवारी आमच्या बाजारात स्वस्त कपड्यांसाठी अख्खी दिल्ली लोटते. चार वाजले की पाय ठेवायला जागा नसते, आणि त्याचा गोंगाट थेट आमच्या खिडक्यांत. मी वैतागायची. ते खुर्ची टाकून फाटकाशी बसायचे आणि घड्याळ बघायचे.

"भरती आहे," म्हणायचे. "नऊला ओहोटी."

आणि नऊला बाजार खरंच ओसरायचा. त्यांना सगळंच भरती वाटायचं. मुलगी चिडली, भरती. ताप आला, भरती. माझी सून माझ्याशी चार दिवस बोलली नाही, तेव्हाही मला जिन्यात गाठून म्हणाले, "चढलेलं उतरतं, बाई. फक्त हलायचं नाही."

त्यांची मुलगी म्हणायची, "बाबा, हे दिल्ली आहे यार. इथे चढलेलं काहीच उतरत नाही." ते हसायचे. त्यांचं आयुष्य अशा जागी गेलं होतं जिथे चढलेलं पाणी सहा तासांत उतरतंच. हे लक्षात ठेवा. मी ठेवायला हवं होतं.

मी त्यांच्या हाती लागले ती अक्षरामुळे. आमच्या जिन्यात पाणी यायच्या वेळा मी खडूने लिहायची. एक दिवस त्यांनी माझी बेल वाजवली.

"ते जिन्यातलं कुणी लिहिलंय?"

"मी."

"किती शिकलात?"

"चौथी."

"उत्तम," म्हणाले. "पाचवीपासून माणूस लिहिताना स्वतःचं डोकं घालायला लागतो."

त्यांना लिहिणारं माणूस हवं होतं. त्यांची पद्धत अशी की बघणाऱ्याने लिहायचं नाही, आणि लिहिणाऱ्याने बघायचं नाही. बघणाऱ्याने डोळा काढला की तेवढ्यात पक्षी निसटतो. लिहिणाऱ्याने वर बघितलं की तो ऐकलेलं सोडून स्वतःला दिसलेलं लिहितो. आधी एक कॉलेजातली मुलगी होती, तिने तीनदा त्यांना दुरुस्त केलं. मग मुलीच्या ऑफिसातला एक जण होता, तो एकोणीस ऐकून वीस लिहायचा, म्हणे दिसायला बरं दिसतं. दोघांनाही त्यांनी घरी पाठवलं. मला पक्ष्यांतलं काही कळत नव्हतं. पक्ष्यांची आवड नव्हती, अजूनही नाही. पण दोन खोल्यांत सूनबाईच्या समोर बसून राहण्यापेक्षा नदीवर बसणं बरं. मी हो म्हटलं.

दसऱ्याच्या सुमारापासून होळीपर्यंत, दर शनिवारी. पहिल्या मेट्रोने मयूर विहार, तिथून रिक्षा, मग शेतांमधून चालत काठ. पावसाळा ओसरला की नदीच्या मधोमध वाळूचा एक उंचवटा वर येतो. चारशे पावलं लांब, साठ रुंद, मध्ये सरकंड्याचे काही ठोंब. हे त्याला बेट म्हणायचे. दिल्लीत, जिथे नदीला फेस येतो आणि पुलावरून मेट्रो जाते, तिथे हे त्यांचं शेवटचं बेट होतं.

बेटावर उतरलं की कामं ठरलेली. पहिलं, पाण्याच्या कडेला एक काठी रोवायची, पाणी कळायला. दुसरं, लक्ष जाऊ नये म्हणून दोघांचे मोबाईल स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावायचं. तिसरं, वहीत पहिली ओळ. तारीख, वारा, ढग, आणि 'उतरले: दोन'. निघताना शेवटची ओळ, 'परतले: दोन'. ती ओळ नसेल तर अख्खं पान खोटं.

"एवढं काय त्यात?" मी पहिल्या शनिवारी विचारलं. "दोघं आलो, दोघं जाणार."

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्या माशीएवढ्या बेटापासून पुढे एक खडक होता. सुरय पक्ष्यांची घरटी मोजायला बाहेरून आलेल्यांसकट पाच जण गेले होते. हवा बिघडली, घाईने सगळे बोटीत चढले, कुणी डोकी मोजली नाहीत. हे खडकाच्या पलीकडच्या अंगाला होते.

"सत्तावीस तास, बाई. माणूस कमी आहे हे त्यांना रात्रीच्या जेवणाला कळलं. एक ताट उरलं तेव्हा."

हे सांगताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. फक्त तेव्हापासून ते माणसंही मोजत होते.

नावाडी मात्र त्या मोजणीत धरायचा नाही. तसा त्यांच्या खात्याचा रिवाज होता. नावाडी नावेतच राहतो, जमिनीवर उतरत नाही, म्हणून तो उतरलेल्यांतही नाही आणि परतलेल्यांतही नाही.

"म्हणजे तो माणूस नाही?" मी विचारलं.

"माणूस आहे. उतरत नाही."

मला ते पटलं नाही. पण वही त्यांची होती.

आता घसीटा. ज्यांना मी साहेब म्हणायची त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांच्या मुलीला अजून नोकरी करायची आहे. याचं लिहिते. आमच्याकडे पोरं जगत नाहीत म्हणून पुढच्याचं नाव धोंडू ठेवतात, तसं त्यांच्याकडे बाळ जन्मलं की जमिनीवरून जरा ओढतात आणि घसीटा ठेवतात. हा पाचांतला एकटा जगलेला. बदायूंकडचा. नदीकाठच्या तुकड्यावर मुळा, पालक, भोपळे लावायचा आणि सपाट बुडाची एक नाव ठेवायचा. पन्नाशी ओलांडलेली. मला अम्मा म्हणायचा, बायकोला काय म्हणायचा ते लिहिण्यासारखं नाही, पण ती उलटून तसंच बोलायची.

"बाबूजी," तो दर शनिवारी विचारायचा, "हर साल वही चिड़िया आती है. फिर गिनते क्यों हो?"

"वही है, ये तुझे कैसे पता?"

"शकल से."

"इसी लिए गिनता मैं हूँ, तू नहीं."

मग तो माझ्याकडे वळायचा. "अम्मा, वो हरी चटनी लाई हो?" मी ज्वारीची भाकरी आणि ठेचा न्यायची. पहिल्यांदा ठेचा खाल्ला तेव्हा त्याने नदीत तोंड घालायचं बाकी ठेवलं होतं. दुसऱ्या शनिवारी स्वतःहून मागितला. सातला आम्हाला सोडायचा, शेतावर जायचा, अकराला परत यायचा. चार वर्षांत एकदाही उशीर नाही.

एकदा माझ्याकडून चूक झाली. जवळच मोठा आवाज झाला आणि मी वर बघितलं. दोन मोठी, नारिंगी रंगाची बदकं. चक्रवाक म्हणतात त्यांना. सुंदर होती, खोटं कशाला बोलू. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पान काटा."

"का? नाव तर तुम्हीच सांगितलं."

"तुम्ही बघितलंत. आता पुढचं सगळं तुमच्या डोळ्याने लिहाल."

तीन तासांचं लिखाण मी आडवी रेघ मारून काटलं आणि नंतर आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. शनिवारी पहाटे ते माझ्या दाराशी पिशवी घेऊन उभे. म्हणाले, "उतरलं का?" मी चपला घातल्या. पण तेव्हापासून बेटावर असताना मी वहीवरून नजर उचलली नाही. कुणी मला त्याचं कौतुक सांगू नये. त्याचंच पुढे काय झालं ते सांगतेय.

त्या दिवशी दसरा दोन दिवसांवर होता. पहाडात आठवडाभर पाऊस झाला होता, दिल्लीचं आकाश मात्र धुतल्यासारखं स्वच्छ. खाली समुद्रात वादळ होऊन गेलं होतं, ते टीव्हीवर दाखवत होते. साहेब मेट्रोत बसून राहीनात. उभे राहून खिडकीतून वर बघत होते.

"वादळ झालं की काळपट सुरयसारखे खरे समुद्राचे पक्षी आत भरकटतात, बाई. जे अंडी घालायलाच फक्त जमिनीवर येतात, ते. मी माझ्या बेटावर शेकड्यांनी पाहिलेत. इथे एकदा तरी यावा."

"येऊन काय करेल? यमुनेचं पाणी पिऊन मरेल."

"मरेना का. पण लिहिता येईल."

काठावर घसीटा नावेशी उकिडवा बसला होता. उठला नाही.

"आज रहने दो, बाबूजी. पानी का रंग ठीक नहीं है."

पाणी मलाही गढूळ दिसलं. साहेबांनी नदीकडे बघितलंही नाही, ते आकाशाकडे बघत होते. "चल," म्हणाले. घसीटा माझ्याकडे बघून म्हणाला, "नौ बजे आ जाऊँगा." साहेब म्हणाले, "ग्यारह." घसीट्याने बांबू उचलला.

त्याने आम्हाला सोडलं आणि गेला. काठी रोवली. मोबाईल डब्यात. मी स्टूलवर बसले, वही मांडीवर. उतरले: दोन.

ते सांगत होते, मी लिहीत होते. टिटवी, सहा. चिखल्या, चौदा. धोबी, नऊ. मध्येच डब्यात मोबाईल थरथरला. थांबला. पुन्हा थरथरला. डब्यात भुंगा कोंडावा तसा आवाज. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, नुसतं म्हटलं, "फोन येतोय."

"तुतवार, बावीस."

मी बावीस लिहिलं. मग वास आला. पहाडातल्या मातीचा, कुजलेल्या पानांचा. वैनगंगेच्या काठावर वाढलेल्या माणसाला हा वास शिकवावा लागत नाही. लहानपणी हा वास आला की आई हातातलं धुणं तिथेच टाकून आम्हाला घेऊन चढ चढायची.

"साहेब, पाण्याला वास येतोय."

"नदी सुरय, तीन."

मी तीन लिहिलं. का लिहिलं ते मला विचारू नका. मी स्वतःला विचारून झालंय. चार वर्षांची सवय होती, आणि पुन्हा पान काटायचं नव्हतं.

मग चपलेत पाणी आलं. मी उभी राहिले आणि म्हटलं, "पाणी आलं." तेव्हा त्यांनी डोळा काढला आणि काठीकडे पाहिलं. काठीचं फक्त टोक वर होतं.

ते म्हणाले, "भरती आहे. तासाभरात ओसरेल."

नदीला भरती नसते हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. हवामान खात्यातला माणूस. डोक्याला माहीत होतं. पण पाय पाण्यात आणि डोळा आकाशात असताना बोलतं ते डोकं नसतं, तीस वर्षांची सवय बोलते. ते पुन्हा दुर्बिणीला लागले. आणि मी, जिला वास कळला होता, ती वही घेऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले. पंधरा मिनिटं. त्या पंधरा मिनिटांआधी डबा उघडला असता तर बेटाच्या वरच्या टोकाला नाव सहज लागली असती.

काठी दिसेनाशी झाली तेव्हा मी डबा उघडला. त्यांच्या मुलीचे अकरा फोन. माझ्या मुलाचे चार. मी तिला लावला.

"मावशी, कुठे आहात तुम्ही? वरून पाणी सोडलंय, नदीकाठ खाली करायला सांगतायत."

"बेटावर," मी म्हटलं.

तिच्या रडण्याचा आवाज आला आणि मी फोन बंद केला. रडण्यातून नाव येत नाही. तेवढ्यात वारा फिरला आणि काठावरचा भोंगा ऐकू आला. नदी के किनारे से हट जाएँ. तो कधीपासून ओरडत असेल कुणास ठाऊक.

"साहेब, चला. वरच्या ठोंबाकडे चला."

"हलायचं नाही, बाई," ते म्हणाले. मी त्यांचा सदरा धरून ओढलं. दुर्बीण त्यांनी तिपाईसकट उचलली. स्टूल वाहून गेलं होतं. बेटाच्या सगळ्यात उंच जागी पोचलो तेव्हा पाणी गुडघ्याला होतं, आणि थोड्याच वेळात कमरेला.

नऊ वाजायला वीस मिनिटं होती तेव्हा घसीटा आला. त्याला कुणी फोन केला नव्हता. त्याने नाव वर दूरपर्यंत काठाने ओढत नेली होती आणि तिथून धारेबरोबर आमच्यावर सोडली होती. भोपळ्याचे वेल, फळ्या, एक मेलेलं वासरू, असं सगळं त्याच्या बाजूने वाहत होतं. आमच्या समोर येऊन त्याने बांबू रोवला.

"अम्मा, झाड़ मत छोड़ना."

मी वर बघितलं नाही, पण साहेबांनी बघितलं. काहीतरी काळं आमच्या डोक्यावरून गेलं असणार, कारण पाण्यावर सावली हलली. त्यांच्या घशातून आवाज आला, लहान मुलासारखा. त्यांनी तिपाई रोवली आणि डोळा लावला. त्याच वेळी घसीट्याने दोर फेकला.

सुरुवातीला सांगितलं तो हा दोर.

घसीट्याने दोर ओढून घेतला, पुन्हा फेकला. या वेळी वाऱ्याने तो पलीकडे नेला. बांबू वाकायला लागला होता. तिसऱ्यांदा त्याने फेकला नाही. दोराचं एक टोक नावेला बांधलेलं होतंच, दुसरं त्याने स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं, बांबू उपसून नावेत टाकला आणि पाण्यात उडी घेतली. चार-सहा हात मारून त्याचे पाय वाळूला लागले. मग उभं राहून त्याने दोर ओढत नाव आमच्याकडे आणली. मी हे अगदी जवळून पाहिलं. तो बेटावर उभा होता.

मला त्याने पोत्यासारखं उचलून नावेत टाकलं. साहेबांची मानगूट धरली. साहेब म्हणाले, "दुर्बीण." घसीटा म्हणाला, "भाड़ में गई," आणि त्यांना आत ढकललं. ते नावेच्या तळाशी तोंडावर पडले. दुर्बीण तिथेच राहिली, मग राहिली नाही.

"चढ रे," मी मराठीतच ओरडले.

तो छातीभर पाण्यात, दोन्ही हातांनी नावेची कड धरून, अंग वर घ्यायला वाकला. आणि त्याच्या पायाखालची वाळू ढासळली. मला ते कळलं कारण तो एकदम बुटका झाला. नाव गर्रकन फिरली, कड त्याच्या हातातून सुटली, मनगटावरचा दोर सुटला. मी बांबू पुढे केला. बांबूला त्याचा हात लागला. एकदा. मग समोर नुसतं पाणी होतं.

साहेब उठून बसले होते. या वेळी ते वर बघत नव्हते. नाव वाहत खाली गेली, पुलाच्या खांबाला अडकली, तिथे माणसांनी आम्हाला काढलं. घसीटा तीन दिवसांनी, दसऱ्याच्या दुसऱ्या सकाळी, खाली मिळाला.

वही माझ्या पोलक्यात होती. कधी खुपसली ते आठवत नाही.

त्यानंतर साहेब फाटकाशी बसायला आले नाहीत. रविवारचा बाजार भरायचा, त्यांची खिडकी बंद असायची. एक दिवस त्यांनी अकरा कॅन ओतून दिले. न्हाणीतून पाणी जिन्यापर्यंत आलं. मुलगी म्हणाली, "मावशी, तुम्ही बोला ना त्यांच्याशी." मी म्हटलं, "काय बोलू?" मला राग होता. त्यांच्यावर, आणि जास्त माझ्यावर, पण स्वतःवरचा राग काढायला दुसरं माणूसच लागतं.

पंधरवड्याने ते वर आले. दाढी वाढलेली. बसले नाहीत.

"मी त्याच्या बायकोकडे गेलो होतो," म्हणाले.

"मग?"

"मुळा धूत होती. मला ओळखलं. म्हणाली, बाबूजी, गिनती पूरी हो गई?"

मी त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली. ते उभेच.

"शिवी दिली असती तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "तिने खरंच विचारलं, बाई. तिचा आवाज तसा होता. मी नाही म्हणालो. वही आहे का?"

मी वही काढली. पानं सुकून फुगली होती, पण पेन्सिलीचं लिखाण पाण्याने पुसलं जात नाही. ते पान उघडलं. उतरले: दोन. खाली टिटवी, चिखल्या, धोबी, तुतवार. शेवटी नदी सुरय, तीन. त्याखाली कोरं.

"तो काळा राहिलाय," मी म्हटलं. मुद्दाम म्हटलं. "काळपट सुरय, एक. लिहू?"

"तुम्हाला दिसला होता?"

"मी बघत नसते."

त्यांनी पानावरच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. बारा वर्षं त्यांनी त्या एका ओळीची वाट पाहिली होती, दिल्लीत, नदीवर. मला वाटलं, लिहा म्हणतील. म्हणाले असते तर मी लिहिलं असतं आणि पुन्हा त्यांचं तोंड पाहिलं नसतं.

"नको," ते म्हणाले. "तेव्हा मी दोर बघायचा होता."

"मग परतले दोन लिहू?"

"वरची ओळ आधी."

"नावाडी धरत नाहीत ना तुमच्यात."

"तो उतरला होता," ते म्हणाले. "तुम्ही बघितलंत. मीही बघितलं."

मी वरचा दोन काटला. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला एक आकडा काटू दिला आणि पान काटा म्हणाले नाहीत. पुढच्या वर्षी मुलीची बदली झाली, ते तिच्याबरोबर पुण्याला गेले. वही माझ्याकडे ठेवून गेले. पान माझ्या अक्षरात आहे, चौथीतल्या. उतरले: तीन. परतले: दोन. ते आणि मी.